ओला रंग

बैठकीच्या खोलीत पुस्तकं सोडून सदतीस वस्तू होत्या. एक लांब कोच, तीन खुर्च्या, त्यांतली हात झिजलेली एक बाबांची; दोन घड्याळं, पैकी एक चालू; जमिनीवर जाड लोकरी गालिचा, खिडकीला अस्तर लावलेले पडदे, एक रेडिओ, त्याच्याखालचं डुगडुगतं टेबल, स्वयंपाकघराकडच्या भिंतीला लागून छतापर्यंत पोचलेलं पुस्तकांचं कपाट आणि त्याच भिंतीवर, कपाटाच्या शेजारी टांगलेला उठावाचा नकाशा, ज्यावरचे डोंगर बोटांना लागत. उरलेल्या वस्तू किरकोळ होत्या, पण तिने त्याही सोडल्या नाहीत. प्रत्येकीचा फोटो काढला आणि प्रत्येकीचं अंतर दोन भिंतींपासून मोजून ठेवलं. खिडकीची आणि दाराची अशा दोन भिंती तिने त्यासाठी धरल्या, कारण तिसरी राहणार नव्हती. हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. त्यांची नजर काचबिंदूने आधी कडेकडेने आणि मग मधून अशी पूर्ण गेली त्याला आता सहा वर्षं झाली होती. घरात ते काठीशिवाय फिरत. खुर्ची वीतभर सरकली तर नडगी फुटेल, म्हणून घराचं काम संपल्यावर तिने उरलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं, फूटपट्टीने, गुडघ्यांवर रांगत. बाबा ताईकडून परत आले त्या संध्याकाळी ते दारातून सरळ आपल्या खुर्चीपर्यंत गेले, न चाचपता वळले आणि बसले. तिने श्वास सोडला. मग स्वयंपाकघरात जाऊन नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा टाकू ना?"

बाबांनी मान खिडकीकडे वळवली. खिडकीत कोणी नव्हतं.

"कोण आलंय?" ते म्हणाले.

"मीच आहे बाबा."

"दोघी आहात का?"

हे त्यांनी थट्टेने विचारलं असतं तर ती हसली असती. पण त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी होती, गणित चुकल्यावर मुलांच्या कपाळावर असते तशी, आणि हात खुर्चीच्या झिजलेल्या हातावर घट्ट बसला होता. चहाचं भांडं हातात धरून ती उभी राहिली. काय झालंय हे तिला त्या क्षणी कळलं, पूर्ण कळलं. कारण हे कळणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. एखाद्या खोलीत आवाज झाला की तो विरायला किती वेळ घेतो ते मोजायचं काम ती करायची. सभागृहं, वर्गखोल्या, एकदा एक पोहण्याचा तलावही. खोलीच्या मध्यभागी मोठा फुगा फोडायचा आणि यंत्राला ऐकू द्यायचं. "आमची मुलगी फुगे फोडून पोट भरते," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि वर अभिमानाने गप्प बसत. आणि त्याच मुलीने भिंत पाडताना, गालिचा गुंडाळताना, पडदे काढताना, पुस्तकांची खोकी बांधताना फक्त पायांचा विचार केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका दाट असतो हे तिला माहीत नव्हतं. लोकरीने, कापडाने आणि कागदाने मिळून जो आवाज इतकी वर्षं गिळला होता तो आता गुळगुळीत फरशीवरून, उघड्या काचेवरून, नव्या दगडी ओट्यावरून उसळत होता, आणि पूर्वी बोळातल्या दारातून, बाबांच्या डाव्या बाजूने येणारं तिचं बोलणं आता समोरून, मागून, खिडकीतून असं तिन्हीकडून त्यांच्यावर येऊन आदळत होतं.

लोकांना वाटतं, न दिसणारी माणसं पावलं मोजतात. बाबांनी कधी मोजली नाहीत. भूगोलाचे मास्तर असूनही अंतरं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते आईचं खातं होतं. बाबा जिभेने टाळूवर टक् असा एक हलका आवाज करत, किंवा नुसते खाकरत, आणि चालू लागत. शिकत असताना, त्यांची नजर जात चालली होती तेव्हा, एका सुट्टीत तिने हे पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं होतं. बोळात ते एकदा टक् करत, बैठकीच्या दारात एकदा, आणि मग थांबल्यासारखं करून, जणू खोलीने काही उत्तर दिलंय आणि ते त्यांना पटलंय, अशा चालीने आत येत. "बाबा, तुम्ही वटवाघूळ आहात," ती म्हणाली होती. "मग उलटं टांग मला," बाबा म्हणाले होते, "पाठही जरा मोकळी होईल." त्याच सुट्टीत सराव म्हणून तिने या खोलीत फुगा फोडला होता. आई स्वयंपाकघरातून धावत आली होती, हातात कालथा. शून्य पूर्णांक चार सेकंद. पहिल्यांदाच स्वतः मोजलेला आकडा म्हणून तो तिच्या डोक्यात राहून गेला, एखाद्याला आपल्या पहिल्या मास्तरांचा आवाज लक्षात राहतो तसा.

त्या संध्याकाळी तिने एवढंच केलं, की चहा घेऊन अगदी जवळ गेली आणि त्यांच्या कानाशी बोलली. "घर रिकामं वाटतंय ना? गालिचा धुवायला टाकलाय. पुस्तकं खोक्यात आहेत. आणि भिंतींना हात लावू नका हं, रंग ओला आहे." गालिचा धुवायला टाकलेला नव्हता. तो ज्या गाडीतून गेला ती गाडी पुन्हा येणार नव्हती. पुस्तकं खोक्यात होती हे खरं होतं. रंग कालच वाळला होता. तीन वाक्यांत दोन खोटी असा हिशेब तिने नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या केला आणि तो तिच्या बाजूने लागला नाही. भिंतीला हात लावू नका हे मात्र तिला आयत्या वेळी सुचलं होतं, आणि इतक्या सहज सुचलं होतं की तिला स्वतःची भीती वाटली. कारण भिंतीला हात लावत लावत बाबा एके दिवशी त्या भिंतीपाशी पोचले असते जी नव्हती.

घर आईने जाण्यापूर्वी तिच्या नावावर केलं होतं. "तू मोजूनमापून वागशील," आई म्हणाली होती. रस्ता चढणीचा, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. पूर्वी इथे मास्तर, कारकून, परिचारिका असली माणसं राहायची; आता एकेक घर विकलं जात होतं, विकण्याआधी आतून पांढरंशुभ्र होत होतं, आणि नवी माणसं येत होती ज्यांच्या मोटारींचा आवाजच येत नसे. तिला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती, नाटकघरं बांधणाऱ्या मोठ्या कंपनीत. अशी नोकरी तिच्या विषयात आयुष्यात एकदा दार ठोठावते. दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं, ताईच्या दोन खोल्यांत ती, तिचा नवरा, सासू आणि जुळी. उरला तो एकच मार्ग: घर विकायचं, आलेल्या पैशात बाबांची एखाद्या चांगल्या, बाग वगैरे असलेल्या वृद्धनिवासात सोय करायची. ताईचं म्हणणं फोनवर नेहमी एकच असे, "मी काही नाही म्हणत नाहीये. पण सांगितलंस का त्यांना?" आणि ती म्हणे, सांगते. घरांचा दलाल आला, सगळ्या खोल्यांतून चालला, प्रत्येक खोलीत थोडं हसला. गोड माणूस, अत्तराच्या ढगातून बोलणारा. "घर नामी आहे हो, पण कोंडलंय. ही मधली भिंत गेली ना, की स्वयंपाकघर बैठकीत येतं. आत आलेला माणूस सगळ्यात आधी काय बघतो? मोकळेपणा. लोक घर घेत नाहीत, मोकळेपणा घेतात. भिंत, फरशी, ओटा आणि पांढरा रंग. एवढं करा, बाकी माझ्यावर सोडा." वीस टक्के जास्त येतील असं तो म्हणाला. तिने घरी बसून ते पडताळलं, आसपासच्या विकलेल्या घरांचे भाव काढून, आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं. गवंड्याने भिंतीवर हाताची बोटं वाजवून पाहिली, "हिच्यावर भार नाही बाई, नुसती आडोशाला आहे," म्हणाला आणि अर्ध्या दिवसात ती खाली आणली.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा खुर्चीत बसल्यावर सौम्य आवाजात विचारत, "रंग वाळला का गं?" आणि ती म्हणे, "नाही अजून. हवा दमट आहे." ते मान डोलवत. आयुष्यभर मुलांना हवामान शिकवलेला माणूस, खिडकीतून कोरडं ऊन गुडघ्यांवर पडलेलं, आणि ते मान डोलवत. कधी म्हणत, "आणि माझे डोंगर कुठे ठेवलेत?" नकाशा तिच्या खोलीत पलंगाखाली होता. "जपून ठेवलेत," ती म्हणे, आणि हे एक खरं बोलायला मिळाल्याचा तिला इतका आनंद होई की ती ते दोनदा म्हणे. दलाल पुन्हा एकदा येऊन गेला, ओट्यावर पांढरी फुलं ठेवायची की हिरवी पानं यावर विचार करून गेला. तो गेल्यावर बाबांनी नाक वर केलं.

"कोण होतं?"

"रंगवाला. उरलेला हात द्यायचा होता ना."

"रंगवाला अत्तर लावून येतो?" बाबा म्हणाले. "बरं चाललंय की त्याचं."

ती हसली, आणि तिचं हसू फरशीवरून उसळून तिच्याच कानात परत आलं, एखाद्या परक्या बाईचं असावं तसं.

बाबा हळूहळू बोलायचे कमी झाले. हे तिने आधी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. रेडिओ ते आता लावत नसत. लावला तर थोडा वेळ मान तिरकी करून ऐकत आणि बंद करत. "हल्ली निवेदक तोंडात सुपारी धरून बोलतात," असं एकदा म्हणाले. ताईचा फोन आला की "बरं, बरं" म्हणत, कारण खोलीत मोठ्याने सोडलेला ताईचा आवाज त्यांना नीट कळत नसे. शब्दाच्या शेपटीवर दुसऱ्या शब्दाचं डोकं येऊन बसतं, आणि सगळं मिळून पाण्याखालचं बोलणं होतं. हे ती सुटीसुटी अक्षरं करून कोणालाही समजावून सांगू शकली असती, तिने तसं वर्गांमध्ये समजावून सांगितलेलंही होतं, मागच्या बाकावरच्या मुलांना गणित का येत नाही याचं एक कारण त्यांची डोकी नसून छतं आहेत, असं. त्या वेळी मुख्याध्यापिका किती प्रभावित झाल्या होत्या. घरात ती गप्प होती. बाबा बोळातून येताना आता दारात थांबत. टक् करत. पुन्हा टक् करत. मग एक हात पुढे, पोटाच्या उंचीवर, तळवा खाली, आणि पाय फरशीवरून न उचलता सरकवत येत. खुर्ची जिथल्या तिथे होती. सदतीसमधल्या बाकीच्या उरलेल्या वस्तूही जिथल्या तिथे होत्या. आणि तिच्या वडिलांना त्या खोलीत येताना पाण्यात उतरल्यासारखं उतरावं लागत होतं. तिला तो पोहण्याचा तलाव आठवला, ती मोजायला गेली होती तो. सगळे मजूर गेल्यावर ती एकटी काठावर उभी होती आणि फुगा फोडल्यावर तो आवाज इतका वेळ राहिला होता की तिला नकळत मागे वळून पाहावंसं वाटलं होतं.

एके दुपारी ती शेजारी बसून वांगी चिरत असताना बाबा म्हणाले, "एक काम करशील? मला कानाच्या डॉक्टरकडे ने."

"का?"

"का म्हणजे? डोळ्यांनी राजीनामा दिला, आता कानही रजेचा अर्ज घेऊन उभे आहेत. आपण मंजूर करायच्या आधी बघून घ्यावं."

तिने विळी बाजूला सरकवली. सांगायची वेळ हीच, असं तिच्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आलं. बाबा, तुमच्या कानांना काही झालेलं नाही. वाक्य तयार होतं, फक्त तोंडाबाहेर ढकलायचं होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं होतं, दुसऱ्यामागे तिसरं, मालगाडीच्या डब्यांसारखी, आणि शेवटच्या डब्यात वृद्धनिवासाची ती बाग होती, जी त्यांना दिसणार नव्हती. "नेते," ती म्हणाली.

कान तपासणारी बाई तिच्याच वयाची होती. तपासणीची खोली म्हणजे चारी बाजूंनी जाड गादीसारखं आवरण लावलेली लहानशी पेटी, मधे एक खुर्ची, समोर काच. बाबांना बसवायला ती आत गेली. दार ओढून घेतलं गेलं तसा सगळा आवाज एकदम गळून पडला, आणि तिने म्हटलं, "बाबा, हा पट्टा डोक्यावर घालायचाय." बाबांचा चेहरा तिच्याकडे वळला. बरोबर तिच्या तोंडाकडे, जणू दिसतंय. त्यांच्या कपाळावरची आठी, जिची तिला आता सवय झाली होती, ती सुटली.

"अगं, इथे तुझा आवाज किती बरोबर येतोय," ते म्हणाले. "आपल्या घरी यायचा तसा. बोल ना जरा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. पाढे म्हण. फूटपट्टे, सतराचा पाढा म्हण."

लहानपणी ती सगळं मोजत फिरायची म्हणून तिचं नाव फूटपट्टी पडलं होतं. मोजायची टेप बाबा आणायचे, शून्याचं टोक नेहमी बाबांनी धरायचं आणि तिने पळत जाऊन आकडा वाचायचा. अंगण, जिना, शेजाऱ्यांचा झोपलेला कुत्रा. शून्य हलू द्यायचं नाही ही बाबांची जबाबदारी होती आणि ते ती फार गंभीरपणे पाळत. सतरा चोक अडुसष्टपर्यंत ती आली आणि थांबली. बाई काचेपलीकडून खूण करत होती.

तपासणीनंतर बाईने आलेखावरच्या दोन्ही कानांच्या रेषा दाखवल्या. "यांचे कान पासष्टीच्या माणसाचे आहेत, आणि वय किती म्हणालात, अठ्ठ्याहत्तर? काहीच झालेलं नाही. घरीच त्रास होतो म्हणताय... घरात काही बदल केलाय का हल्ली? फरशी, पडदे?"

तिला वाटलं, ही बाई आपल्याला ओळखते. आपलाच धंदा, आपल्याच शब्दांत, काचेपलीकडून विचारतेय. चोराच्या मनात चांदणं पडतं ते असं पांढऱ्या दिव्याचंही पडत असेल.

"रंग दिलाय," ती म्हणाली.

"रंगाने कान जातात का हो?" बाबांनी बाईला विचारलं, आणि बाई हसली, आणि बाबा हसले, आणि तीही हसली.

परतताना, चढणीच्या रस्त्याला गाडी लागल्यावर, जिथे झाडांमुळे ऊन सावली ऊन सावली असं चेहऱ्यावरून जातं, तिथे ते म्हणाले, "म्हणजे कान नाहीत. म्हणजे वरचा मजला." त्यांनी दोन बोटांनी कपाळावर ठोकलं. "तिथे गळती लागलीय."

"काहीतरीच काय बाबा."

"काहीतरीच नाही. तुझी आजी अशीच गेली. सुरुवातीला ती म्हणायची, घरात बायका शिरल्यात, बोलतात. आम्ही हसायचो. मलाही पहिल्या दिवशी तू दोघी वाटलीस. आपल्याच खोलीत मला आपली खोली सापडत नाही गं. जागेवर सगळं आहे, आणि जागा नाहीये. हे डॉक्टरला कसं सांगणार?" ते पुढे म्हणाले, "भान आहे तोवर मीच सांगतो, म्हणजे तुम्हा दोघींना पुढे जिवाला लागणार नाही. मला कुठेतरी ठेव. माणसं ठेवतात तिथे. तू तुझी नोकरी बघ. ताई म्हणाली मला नोकरीचं. तू नाही बोललीस, पण मी समजलो का ते."

गाडी चालवताना तिचे दोन्ही हात चाकावर होते. तिने पुढच्या वळणाकडे पाहिलं. आणि मग, वळण यायच्या आत, तिला सुटल्यासारखं वाटलं. छातीतून काहीतरी खाली उतरलं, खांदे सैल झाले, एक लांब श्वास आला. सगळं जुळून आलं होतं. त्यांनीच म्हटलं होतं. आता सांगायची गरजच नव्हती. भिंत, घर, बाग, काहीच सांगायची गरज नव्हती, ते आपण होऊन जायला निघाले होते, आपलं डोकं बिघडलंय असं समजून, आणि तिला फक्त गप्प बसायचं होतं. हे सुटणं फार तर दहा श्वास टिकलं असेल. नंतरच्या आयुष्यात आपण काय काय केलं ते आपण विसरू, पण हे विसरणार नाही, असं तिला घरापुढे गाडी लावताना वाटलं. भिंत पाडणं नाही, खोटं बोलणं नाही, तो श्वास. बाबांनी दार उघडण्यासाठी कडी चाचपली. ती पलीकडून धावत गेली आणि तिने दार उघडलं, आणि त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, तिचंच सांत्वन केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक जोडपं घर बघायला यायचं होतं. दलालाचा सकाळीच फोन आला. फुलं पांढरी. खिडक्या सगळ्या उघड्या. आणि, त्याने आवाज उतरवून म्हटलं, "वडिलांना तेवढा वेळ कुठे बागेत वगैरे घेऊन गेलात तर बरं पडेल. काही नाही हो, लोकांना आपलं घर कसं दिसेल ते बघायचं असतं. मधे कोणी बसलेलं असलं की दिसत नाही." ती हो म्हणाली. फोन ठेवून तिने ओट्यावरच्या फुलदाणीत पांढरी फुलं ठेवली, मग पलंगाखालून नकाशा ओढून काढला, ओल्या फडक्याने पुसला. डोंगरांच्या टोकांवरचा रंग बोटांनी कधीच उडाला होता. खालचा पांढरा लगदा दिसत होता, बर्फासारखा. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि बैठकीत आली.

बाबा आंघोळ करून खुर्चीत बसले होते. शर्टाची सगळी बटणं बरोबर. उन्हाचा चौकोन त्यांच्या पायांपर्यंत आला होता, आणि त्यांच्या पुढ्यात, कपाट होतं तिथे, काही नव्हतं. पार मागच्या खिडकीपर्यंत पांढरी, चकचकीत, मोकळी जागा.

"रंग वाळला का गं?" बाबांनी विचारलं.

"वाळला," ती म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी विचारलं नाही, कधी, कसा. त्यांनी टक् केलं, तोंड वाकडं केलं, आणि उजवा हात पुढे करून कपाटाकडच्या भिंतीच्या दिशेने निघाले. खुर्चीपासून ती भिंत म्हणजे चार ढांगा. ती त्यांच्या बाजूने चालू लागली, हाताला हात न लावता. वाटेत काही नव्हतं, ते तिने आधीच पाहिलं होतं. भिंतीच्या जागी फरशीत एक बारीक सांधा होता, नीट पाहिलं तरच दिसेल असा. गवंड्याने फार सफाईने भरला होता. बाबांचा हात त्या सांध्यावरून गेला. मग त्यांचा पाय. मग दुसरा. हात तसाच पुढे, बोटं पसरलेली, आता लागेल, आता लागेल अशी. ते चालत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग ते गेलं आणि भीती आली, आणि तरी ते चालत राहिले. तिला ओरडावंसं वाटलं, पण आपण ओरडलो तर तो आवाज तिन्हीकडून येईल म्हणून ती नाही ओरडली. शेवटी ते थांबले. हात हवेतच.

"भिंत कुठे गेली?" ते म्हणाले.

"पाडली, बाबा."

"कधी?"

"तुम्ही ताईकडे होतात तेव्हा. गालिचाही टाकला. पडदे, फरशी, सगळंच. तुमच्या कानांना काही झालेलं नाही. डोक्यालाही नाही. खोलीच तशी झालीय. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"पहिल्या दिवशी."

"हो."

हात हळूहळू खाली आला. ओट्यावरच्या फुलदाणीतून एक पाकळी पडली होती. तिला ती उगाच दिसत राहिली. बाबांनी टक् केलं, या वेळी डावीकडे मान करून, मग उजवीकडे, मग वर, नव्या मुलखात उतरलेला माणूस करील तसं.

"कशाला पाडली?"

"मोकळं दिसावं म्हणून. घर जास्त भावात जातं."

बाहेर रस्त्यावरून एक मोटार गेली असावी, कारण छतावरून उजेडाचा पट्टा सरकला. मग बाबा म्हणाले, "विकायचं तर विक. तुझं आहे. तुझ्या आईने दिलंय. पण मला वेडा ठरवून नको विकू."

"नाही बाबा."

"काल गाडीत मी तुला सांगत होतो. आजीचं. तू काहीच बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"हं," बाबा म्हणाले. नंतर त्यांनी घसा साफ केला, आणि तो आवाज खोलीभर फिरून परत आला तेव्हा त्यांनी तो ऐकून घेतला, शेवटपर्यंत, मान तिरकी करून. "आता मी कुठे उभा आहे?"

"स्वयंपाकघरात."

"भिंतीच्या आत इतका?"

"इतका."

"मोज," ते म्हणाले.

"बाबा, ती माणसं दुपारी—"

"येऊ देत की. मी इथेच आहे. आधी मोज."

मोजायची टेप सगळ्यात वरच्या खणात होती. तिने शून्याचं टोक ओढून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते चाचपून घेतलं, एका हाताने ओटा शोधून धरला, आणि सावकाश, गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले, आणि चपलेच्या पुढच्या टोकाशी ते अंगठ्याने फरशीवर दाबून धरलं. ती टेप सोडत मागे मागे गेली. सांध्यापाशी आल्यावर गुडघ्यांवर बसली. टेप ताणली. पलीकडे शून्य हललं नाही.

"वाच," बाबा म्हणाले.

दोन मीटर छत्तीस सेंटिमीटर.